देवनागरीची उंची आणि शैलीपत्रकाची चौकट : संकेतस्थळरचनेतील सीएसएसच्या वापराची एक समीक्षा

प्रस्तावना

समीक्षा म्हटली की ती कवितेची, कादंबरीची, फार तर नाटकाची, असा आपल्या महाविद्यालयीन नियतकालिकांचा रूढ संकेत आहे. संगणकाच्या पडद्यावर उमटणारे पान हीसुद्धा एक संहिता आहे, तिला आशय आहे आणि रूपबंधही आहे, हा विचार मराठीच्या अभ्यासकांनी अद्याप फारसा मनावर घेतलेला नाही. त्या रूपबंधाचे नियमन करणारी भाषा म्हणजे 'कॅस्केडिंग स्टाइल शीट्स', रूढ संक्षेपाने सीएसएस. अक्षर केवढे, ओळीओळींत अंतर किती, रंग कोणता, रकाने किती, हे सारे ती ठरविते. वेब डेव्हलपर मंडळी ही भाषा मराठी मजकुरासाठी कशी वापरतात आणि त्यात त्यांना कोणत्या अडचणी येतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रस्तुत लेखक मराठीचा अध्यापक आहे, संगणकशास्त्राचा नव्हे. नॅकच्या पुनर्मूल्यांकनाच्या निमित्ताने महाविद्यालयाच्या संकेतस्थळ समितीवर नेमणूक झाली आणि या विषयाशी संबंध आला. प्रवेशाची एक सूचना संकेतस्थळावर झळकली होती. तिच्या ठळक शीर्षकात 'अर्जुनी मोरगाव' हे तालुक्याचे नाव होते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मात्र त्यातील रफार वरच्या कडेला कापला गेला होता आणि वाचणारा वाचत होता 'अजुनी मोरगाव'. त्या तालुक्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी यावर मनसोक्त विनोद केले. संकेतस्थळ सांभाळणारा तरुण आमचाच माजी विद्यार्थी. त्याला विचारले तेव्हा तो सहज म्हणाला, "सर, मजकुराचं चित्र करून टाकू. मग कुठंच तुटणार नाही." दुसऱ्या दिवशी सूचनेच्या जागी चित्र आले. रफार शाबूत होता. परंतु पडदावाचक प्रणालीच्या साहाय्याने अभ्यास करणाऱ्या आमच्या एका अंध विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती सूचना तेथून नाहीशी झाली होती. प्रवेशाची मुदत त्याला मित्राकडून कळली.

प्रस्तुत लेखाचा विषय या दोन दिवसांत सामावलेला आहे. रूपातील एक लहानसा दोष टाळण्यासाठी आशयच दृष्टिआड करण्याची पाळी का यावी?

सीएसएसची मूळ भूमिका

हॉकोन व्हिउम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी सीएसएसचा पहिला प्रस्ताव मांडला, तेव्हा ते स्वित्झर्लंडमधील सर्न या संस्थेत कार्यरत होते. पुढे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने या भाषेची पहिली आवृत्ती शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. 'कॅस्केड' म्हणजे पायरीपायरीने उतरणारा धबधबा. ब्राउझर, पानाचा कर्ता आणि पानाचा वाचक या तिघांनीही रूपाविषयी आपापली इच्छा सांगावी व ठरलेल्या क्रमाने त्यांतून निवाडा व्हावा, अशी ही कल्पना आहे. मूळ प्रस्तावात तर कोणाच्या इच्छेला किती वजन द्यायचे, हे टक्केवारीत नोंदविण्याची सोय होती. ती टक्केवारी पुढे मागे पडली. तथापि वाचकाचा हक्क टिकला. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून कर्त्याने एखादा नियम 'इम्पॉर्टंट' ठरविला आणि वाचकानेही तसाच ठरविला, तर वाचकाचा नियम वरचढ मानला जातो. डोळ्यांनी अधू असलेल्या माणसाला अक्षर मोठे करून घेता यावे, हा त्यामागील हेतू होय.

आशय एका ठिकाणी आणि रूप दुसऱ्या ठिकाणी, ही विभागणी हे या भाषेचे अधिष्ठान आहे. २००३ साली डेव्ह शे यांनी 'सीएसएस झेन गार्डन' या प्रकल्पाद्वारे तिचे प्रात्यक्षिकच घडविले. मजकुराचे पान तेच, शैलीपत्रके मात्र निरनिराळ्या रचनाकारांची, आणि प्रत्येक वेळी पान ओळखू येऊ नये इतके पालटलेले. साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे थोडे अडखळायला होते. आशय व अभिव्यक्ती अभिन्न असतात, असे आपण वर्गात शिकवितो आणि ही भाषा त्यांना कात्रीने वेगळे करू पाहते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा विरोध वरवरचा आहे. कवितेच्या बाबतीत ती अभिन्नता मान्यच आहे. परंतु प्रवेशाच्या सूचनेचा आशय कागदावर, पडद्यावर आणि कानावर सारखाच पोहोचला पाहिजे, आणि त्यासाठी तो रूपापासून सुटा करता येणे अगत्याचे आहे.

मराठीचा पूर्वकाळ : फॉन्ट हाच आशय

जी विभागणी इंग्रजी पानांना प्रारंभापासून उपलब्ध होती, ती मराठी पानांना दीर्घकाळ शक्यच नव्हती, ही बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यात देवनागरीला स्थान होते. तथापि प्रत्यक्ष व्यवहार चालला तो श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव अशा प्रणालींच्या फॉन्टांवर. या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसविलेले असत आणि प्रत्येक प्रणालीची बसवणूक निराळी असे. म्हणजे संगणकाच्या लेखी तेथे मराठी नव्हतीच. होती ती इंग्रजी चिन्हांची निरर्थक ओळ, जिला फॉन्टने मराठीचा वेश चढविलेला होता. वाचकाच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की वेश गळून पडे आणि पडद्यावर चित्रविचित्र चिन्हे दिसत. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक भारतीय वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनी पानासोबतच फॉन्ट पाठविण्याच्या 'डायनॅमिक फॉन्ट' तंत्राचा आश्रय घेतला. तेही सर्व ब्राउझरांवर चालत नसे.

अशा परिस्थितीत रूप बदलणे म्हणजे आशय नष्ट करणे होते. शैलीपत्रकातील फॉन्टचे एक नाव बदलले की संपूर्ण लेख वाचनापलीकडे जाई. त्या काळातील मराठी रचनाकारांनी शैलीपत्रक टाळून मजकूर तक्त्यांत, चित्रांत व 'फॉन्ट' खुणांत बांधून ठेवला, यासाठी त्यांना दोष देता येत नाही. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट आला आणि हळूहळू चित्र पालटले. या फॉन्टचे रेखाटन र. कृ. जोशी यांचे, ही नोंद मराठी अभ्यासकाने आवर्जून करावी. कवी, सुलेखनकार आणि संगणकीय लिप्यंकनाचा अभ्यासक या तिन्ही भूमिका त्यांच्या ठायी एकत्र आल्या होत्या. (आपल्या अभ्यासक्रमांत त्यांचा उल्लेख झालाच तर कवितेच्या प्रकरणात होतो. मंगलबद्दल कोणी बोलत नाही.)

फॉन्टची अडचण आज तांत्रिकदृष्ट्या उरलेली नाही. तथापि त्या काळाने घातलेली सवय उरली आहे. मजकूर सुरक्षित ठेवायचा तर त्याचे चित्र करावे, ही आमच्या माजी विद्यार्थ्याची प्रतिक्रिया त्याच सवयीतून आलेली आहे, जरी तो काळ त्याने स्वतः पाहिलेला नसला तरी.

'अर्जुनी' या शब्दाची उभी मांडणी

रोमन अक्षरे एका रांगेत शेजारीशेजारी उभी राहतात. देवनागरी अक्षरे आडवी चालतात तशीच उभीही वाढतात. 'अर्जुनी' या शब्दातील 'र्जु' पाहावा. मध्ये ज, त्याच्या डोक्यावर रफार, पायाशी ऱ्हस्व उकार. लगतच्या 'नी'ची वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते. गोंदिया जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी दोघांच्या नावांत हा शब्द आहे, अर्जुनी मोरगाव व सडक अर्जुनी. त्यामुळे जिल्ह्यातील कोणत्याही संकेतस्थळाला तो टाळता येणार नाही. कसोटी म्हणून याहून चांगला शब्द शोधूनही सापडणार नाही.

आता शैलीपत्रकाकडे वळू. आजचा रचनाकार बहुधा कोऱ्या पानापासून आरंभ करीत नाही. तो तयार सांगाडा घेतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या 'बूटस्ट्रॅप'मध्ये शीर्षकांची ओळउंची, म्हणजे 'लाइन-हाइट', तिसऱ्या आवृत्तीत अक्षराच्या १.१ पट होती, नंतरच्या आवृत्त्यांत ती १.२ पट झाली. 'टेलविंड' या अलीकडच्या सांगाड्यात सर्वांत मोठ्या अक्षर-आकारांसाठी ती थेट १ आहे. रोमन शीर्षकाला हे अंतर शोभून दिसते. मराठी शीर्षक दोन ओळींत मोडले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात जाऊन अडकतो. त्यातच एखाद्या चौकटीला ठराविक उंची देऊन बाहेर डोकावणारे सारे कापण्याचा, म्हणजे 'ओव्हरफ्लो हिडन'चा, नियम लावलेला असेल, तर पहिल्या ओळीचा रफार, वेलांटी व अनुस्वार आणि शेवटच्या ओळीचे उकार कापले जातात. 'अर्जुनी'चे 'अजुनी' झाले ते याच मार्गाने. रोमन लिपीत अक्षराचा माथा थोडा कापला गेला तरी शब्द ओळखता येतो. मराठीत शब्दच बदलतो. अनुस्वार गेला की 'गोंदिया'चे 'गोदिया' होते.

गुगलच्या 'मटेरियल डिझाइन' या रचनापद्धतीने लिप्यांची विभागणी करताना देवनागरीला 'उंच' लिप्यांत घातले आणि तिला अधिक ओळउंची सुचविली. म्हणजे हे ज्ञान उपलब्ध आहे. ते तयार सांगाड्यांच्या मूळ नियमांत मात्र उतरलेले नाही.

अक्षरांतील अंतर हा दुसरा मुद्दा. इंग्रजी संकेतस्थळांच्या सूचीपट्टीवर मोठ्या लिपीतील, सुट्या सुट्या अक्षरांचे शब्द लिहिण्याची फॅशन आहे. त्यासाठी दोन नियम जोडीने लिहिले जातात. एकाने लहान अक्षरांची मोठी अक्षरे होतात, दुसऱ्याने अक्षरांत फट पडते. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत, तेव्हा पहिला नियम निष्फळ आणि म्हणून निरुपद्रवी ठरतो. दुसरा मात्र इमानेइतबारे लागू होतो आणि शिरोरेषेचे तुकडे करतो. शिरोरेषा ही शब्दाला शब्दपण देणारी रेघ आहे. ती तुटली की 'मुख्यपृष्ठ' हा एक शब्द न राहता शेजारी ठेवलेल्या सुट्या अक्षरांची माळ होते. २०१८ च्या वेब सुगम्यता मार्गदर्शिकेत वाचकाने अक्षरांतील अंतर वाढविले तरी मजकूर हरवू नये, असा निकष आहे. ज्या भाषेच्या लेखनात असा गुणधर्म वापरला जात नाही तिला तेवढ्यापुरती मोकळीक त्याच निकषात दिली आहे. निकष लिहिणाऱ्यांना जगात इतर लिप्या आहेत याचे भान होते. सूचीपट्टी रंगविणाऱ्या मराठी हाताला ते नसावे, याचे वाईट वाटते.

अधोरेखन आणि तिरपी अक्षरे यांविषयी थोडक्यात. दुव्याखालची रेघ पूर्वी उकारांना छेदून जात असे. आताचे ब्राउझर उकार आला की रेघ खंडित करतात, आणि रेघ थोडी खाली सरकविण्याचीही सोय आता सीएसएसमध्ये आहे. तिरप्या अक्षरांचे वळण आपल्या लेखनपरंपरेचे नाही. फॉन्टमध्ये तिरपे रूप नसले की ब्राउझर सरळ अक्षर ढकलून वाकवितो आणि काना पडण्याच्या बेतात असल्यासारखा दिसतो. ग्रंथनामासाठी एकेरी अवतरणचिन्हे पुरेशी आहेत.

'एमआर' ही दोन अक्षरे

पानाची भाषा कोणती, हे पानाच्या आरंभीच सांगावे लागते. मराठीसाठी ठरलेला संकेत 'एमआर' हा आहे. हे विधान शैलीपत्रकाबाहेरचे असले तरी शैली त्यावर अवलंबून असते. मराठी व हिंदी यांची लिपी एक, परंतु वळणे भिन्न. मराठीचा श देठाचा, ल पाकळीचा. महाराष्ट्र शासनाच्या २०२२ च्या शासन निर्णयानेही या दोन वळणांचा आग्रह धरला आहे. अनेक युनिकोड फॉन्टांत दोन्ही वळणे असतात आणि पानाची भाषा मराठी आहे असे कळले की फॉन्ट आपण होऊन मराठी वळण देतो. काही फॉन्टकर्त्यांनी निराळा मार्ग स्वीकारला आहे. 'तिरो देवनागरी' हा फॉन्ट मराठी, हिंदी व संस्कृत यांसाठी स्वतंत्रपणे उपलब्ध आहे.

प्रत्यक्षात काय होते? संकेतस्थळ तयार प्रणालीवर इंग्रजीत उभारले जाते, मग तीत मराठी मजकूर चिकटविला जातो. भाषासंकेत 'इंग्रजी, अमेरिका' हाच राहतो. पान मराठी, पण स्वतःची ओळख इंग्रजी अशी सांगणारे. परिणामी श आणि ल हिंदी वळणाचे उमटतात. अक्षरवळणाबद्दल मराठीचे अध्यापक शासनाला निवेदने देतात, आणि त्यांच्याच महाविद्यालयाच्या पानावर दोन अक्षरांच्या अभावी ते वळण हरविलेले असते. याहून गंभीर बाब ध्वनीची आहे. पडदावाचक प्रणाली भाषासंकेत पाहून आवाज निवडते. संकेत इंग्रजी असेल तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली होण्याचा धोका राहतो. पानाची भाषा सांगणे हा सुगम्यता निकषांत सर्वांत प्राथमिक पातळीवरचा निकष आहे. भारत सरकारची संकेतस्थळविषयक मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली प्रथम आली, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे आणि तिने हेच निकष आधारभूत मानले आहेत.

फॉन्टच्या यादीचीही गत तीच. 'रोबोटो', 'ओपन सॅन्स', 'लॅटो' ही नावे शैलीपत्रकांत सर्रास आढळतात. या तिन्हींत देवनागरी नाही. ब्राउझर मग संगणकावर मिळेल तो देवनागरी फॉन्ट उचलतो, विंडोजवर एक, अँड्रॉइडवर दुसरा, आणि उंची, जाडी यांचा मेळ कोठेच बसत नाही. 'मुक्त' किंवा 'पॉपिन्स' यांसारखे देवनागरीसह येणारे फॉन्ट विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांचा भार मात्र अधिक असतो, कारण जोडाक्षरांची रूपे पुष्कळ. देवरी, सालेकसा या भागांत नेटवर्क जेमतेम असते आणि तेथे पान उघडताना हा भार जाणवतो. अक्षरसमूहानुसार फॉन्टचे तुकडे पाडून लागेल तेवढाच पाठविण्याची सोय सीएसएसमध्ये आहे. ती माहीत असणे ही पहिली पायरी आणि ती वापरण्याइतका वेळ मिळणे ही दुसरी.

रचनाकाराची बाजू

येथपर्यंतची टीका एकतर्फी वाटण्याचा संभव आहे. आमच्या माजी विद्यार्थ्याशी पुढे अनेकदा बोलणे झाले. तो एकटाच बारा-पंधरा संस्थांची संकेतस्थळे सांभाळतो. त्यांत शाळा आहेत, पतसंस्था आहेत, एक राईस मिलही आहे. विकत घेतलेल्या नमुन्याच्या शैलीपत्रकात हजारो ओळी असतात आणि कोणता नियम कोठून लागू होतो याचा थांग लागत नाही. मग तो शेवटी स्वतःचा नियम लिहून त्यापुढे 'इम्पॉर्टंट' जोडतो. पुढच्या दुरुस्तीला त्यावर आणखी एक. वाचकाच्या संरक्षणासाठी जे अस्त्र दुसऱ्या आवृत्तीने त्याच्या हाती दिले, ते रचनाकार स्वतःच्याच जुन्या नियमांशी लढताना खर्ची घालतो, ही सीएसएसच्या इतिहासातील विसंगती मला फार बोलकी वाटते. २०२२ पासून ब्राउझरांत नियमांचे 'थर' पाडण्याची व्यवस्था आली आहे. परंतु जुन्या नमुन्यांना तिचा उपयोग नाही.

शिवाय मागणी करणारे आपणच असतो. सरकती सूचना हवी, ती लाल हवी, तिच्यापुढे लुकलुकणारे 'नवीन' हवे, आणि सारे आजच हवे. 'राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्नित' ही ओळ, संस्थेचे नाव, महाविद्यालयाचे नाव व नॅकची श्रेणी हे सर्व शीर्षपट्टीत, भ्रमणध्वनीच्या बोटभर रुंदीतही, एकाच ओळीत बसले पाहिजे असा हट्ट समितीच्या सभेत झाला तेव्हा प्रस्तुत लेखकही तेथे उपस्थित होता आणि गप्प होता. इथन मार्कॉट यांनी २०१० साली पडद्याच्या रुंदीनुसार स्वतःला जुळवून घेणाऱ्या रचनेची कल्पना मांडली. ती स्वीकारायची तर मजकुराला मोडायला, खाली उतरायला मोकळीक द्यावी लागते. ती देण्याची आपली तयारी नसते. पाटीवर रंगविलेले अक्षर हलत नाही, पडद्यावरचे हलले पाहिजे, हा फरक आपण शिकलेलो नाही.

शिक्षणाचाही यात वाटा आहे. आमच्या महाविद्यालयात संगणकाच्या वर्गात सीएसएस शिकविताना फळ्यावर लिहिली जाणारी सारी उदाहरणे इंग्रजी असतात. मराठीच्या वर्गात लिपीचा विचार वर्णमालेपाशी थांबतो. दोन्ही विभाग एकाच इमारतीत, एकाच जिन्याच्या दोन बाजूंना आहेत.

जिल्ह्याचे संकेतस्थळ आणि उरलेल्या भाषा

गोंदिया जिल्ह्याचे अधिकृत संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'एस-थ्री-वास' या सामाईक व्यवस्थेवर आहे. राज्यातील इतर जिल्ह्यांची संकेतस्थळेही तेथेच आहेत. मराठी व इंग्रजी अशी दोन्ही रूपे, अक्षर लहानमोठे करण्याची सोय या गोष्टी तिने सर्वत्र सारख्या आणल्या. पाने एकसाची झाली अशी तक्रार यावर करता येईल. प्रस्तुत लेखकाला ती गौण वाटते. सामाईक शैलीपत्रकातील एक दुरुस्ती एकाच वेळी अनेक जिल्ह्यांच्या मराठीपर्यंत पोहोचू शकते, हे एकट्याने पंधरा संकेतस्थळे सांभाळणाऱ्या तरुणाला कधीच साधणारे नाही.

मराठीची ही स्थिती, तर जिल्ह्यातील इतर भाषांचे काय? पोवारी देवनागरीत लिहिली जाते, तेव्हा वरील सर्व दोष तिला आपोआप लागू होतात. गोंडीसाठी शेजारच्या बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली लिपी २०१७ साली युनिकोडच्या दहाव्या आवृत्तीत समाविष्ट झाली. तिचा फॉन्टही उपलब्ध आहे. कचारगडच्या यात्रेची सूचना त्या लिपीत पडद्यावर आणायची तर फॉन्ट पानासोबतच पाठवावा लागेल, कारण यात्रेकरूच्या भ्रमणध्वनीत तो असेलच याची खात्री देता येत नाही. १९९० च्या दशकात मराठी जेथे होती जवळजवळ तेथे गोंडी आज आहे. फरक इतकाच की तिची अक्षरे आता खरी अक्षरे आहेत, इंग्रजीचा वेशांतर केलेला अवतार नव्हे.

आमच्या संकेतस्थळावर गेल्या सत्रात तीन बदल झाले. भाषासंकेत 'एमआर' केला, शीर्षकांची ओळउंची दीड पटीवर नेली आणि चौकटींची ठराविक उंची काढून टाकली. यास त्या तरुणाला एक दुपार लागली. 'अर्जुनी' आता 'अर्जुनी' आहे. प्रवेशाची सूचना पुन्हा मजकूर झाली आणि आमच्या विद्यार्थ्याने ती स्वतः ऐकली. परीक्षेचे वेळापत्रक मात्र अद्याप स्वाक्षरी व शिक्क्यासह छायाचित्र घेऊनच येते, कारण शिक्का दिसल्याशिवाय ते अधिकृत वाटत नाही, असे समितीतील ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे आहे. पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय सातव्या क्रमांकावर आहे.